चतुराबाईचा खाकी शर्ट

वाघदर गावात बाई ओळखायची तर तिचं तोंड बघायची गरज नसे. कांद्याच्या वावरात पंधरा-वीस बाया वाकलेल्या असल्या, डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल आणि नजर जमिनीकडे, तरी बांधावरून जाणारा माणूस बिनचूक सांगायचा, ही रामभाऊची, ती पलीकडची तुक्याची. कारण प्रत्येकीच्या अंगात, साडीवरून, तिच्या नवऱ्याचा जुना शर्ट असायचा. कॉलर विटली, कोपर विरलं, की शर्ट नवऱ्याच्या अंगावरून उतरायचा आणि बायकोच्या अंगावर चढायचा. म्हातारीच्या अंगात लेकाचा, बिनलग्नाच्या पोरीच्या अंगात भावाचा. ज्याचा शर्ट त्याची बाई, असा सरळ कारभार होता.

आता देवळ्याच्या बाजारात लेडीज शर्ट म्हणून दोरीवर टांगलेले असतात. पोरी रंग निवडून घेतात, खिसा नसेल तर दुकानदाराला चार शब्द सुनावतात. त्यांना वाटतं, हे असंच चालत आलं असणार. इतरांचं ठाऊक नाही, पण वाघदरला तरी ते असंच चालत आलेलं नाही. तिथे तो शर्ट एका बाईने हट्टाने अंगात घातला, आणि काही केल्या उतरवला नाही.

तिचं नाव चतुरा. नवरा सावळीराम एका आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, सुरतेला कामाला म्हणून गेला तो गेलाच. आधी निरोप यायचे. मग तिकडून आलेल्या कोणीतरी सांगितलं की त्याने दुसरं घर केलंय. मग निरोपही थांबले. चतुराला मूल नव्हतं. माहेर चांदवडकडचं, पण आईबाप गेलेले आणि भाऊ नाही, म्हणजे माहेर नावालाच. मागे उरली ती, तिची सासू सखुबाई आणि खुंटीवरचे सावळीरामचे शर्ट.

घर सखुबाईचं, घरामागचा वावराचा तुकडाही सखुबाईचा. तिने सुनेला ठेवून घेतलं होतं ते एका आशेवर, की सून उंबऱ्यात आहे तोवर लेक कधी ना कधी परतेल. म्हातारी सटाण्याकडची. अख्खं आयुष्य वाघदरला काढलं, पण तिची अहिराणी काही सुटली नाही. रागावली की तर शुद्ध अहिराणी. चतुराला सगळं समजायचं, पण ती उत्तर द्यायची आपल्या चांदवडकडच्या मराठीत.

चतुराने नवऱ्याचे शर्ट एकेक करून वापरले. एक पाठीवर विरला, एकाच्या बाह्या गेल्या, एकाला ठिगळावर ठिगळ लावून शेवटी त्याचं पोतेरं झालं. उरला तो निळ्या चौकड्यांचा, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा. त्याला मात्र सखुबाई हात लावू देईना. लेक आला तर काय घालील, असं तिचं म्हणणं. चतुरा म्हणाली, येईल तो काय उघडा येणार आहे का. त्यावर दोघींत दोन दिवस अबोला झाला आणि शर्ट खुंटीवरच राहिला.

म्हणून त्या चैत्रात ती कांदा काढायला गेली ती उघड्या दंडांनी. चैत्राचं ऊन आणि कांद्याची धूळ, दोन्ही एकाच आईची लेकरं. पात कापताना सुकी माती उडायची, घामावर बसायची आणि दंड पेटल्यासारखे चुरचुरायचे. दोन आठवड्यांत कातडी सोलून निघाली. संध्याकाळी सखुबाई मुकाट्याने तिच्या दंडांना खोबरेल चोळायची. चोळता चोळता तिची नजर खुंटीकडे जायची, पण शर्ट काही खाली उतरायचा नाही.

टोळीचा मुकादम झिपरू. बाया गोळा करायच्या, शेतकऱ्याशी बोलणी करायची, कोणाला कामावर घ्यायचं नि कोणाला नाही ते ठरवायचं, हे सगळं त्याच्या हातात. अंगाने आडवा, बोलण्याने गोड, आणि एकट्या बाईची फार काळजी करणारा. एका दुपारी बाया बाभळीखाली भाकरी सोडत होत्या, तेव्हा त्याने आपला एक जवळपास नवा शर्ट आणून चतुराच्या गाठोड्यावर ठेवला. बायांची चघळणारी तोंडं थांबली. त्या शर्टाचा अर्थ तिथे प्रत्येकीला कळत होता.

"बाईच्या अंगावर कोणाचा ना कोणाचा शर्ट पाहिजे, चतुराबाई," तो म्हणाला. "ऊन हाय, माणसं हायेत. दोन्हीपासून वाचतं."

चतुराने तो शर्ट दोन बोटांनी उचलला, चालत गेली आणि त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवून आली.

"तुमचा तुम्हाला राहू द्या, मुकादम. मी माझा शिवून घेणार हाय."

खरं सांगायचं तर शिवून घ्यायचं तिच्या मनात त्या क्षणापर्यंत आलंही नव्हतं. रागाच्या भरात बोलून गेली. पण चतुराचा स्वभाव असा, की शब्द एकदा तोंडातून सुटला की ती त्याच्या मागोमाग चालत जाणार, मग वाटेत काटे असोत की पाणी असो.

बाजाराच्या दिवशी ती देवळ्याला गेली आणि कापड घेतलं. खाकी घेतलं. माती लागली तरी दिसणार नाही, एवढाच तिचा विचार. ते घेऊन ती धोंडीराम शिंप्याकडे गेली. धोंडीराम भला माणूस, पण त्याच्या दुकानात जगाचे दोन भाग होते. भिंतीकडचा पुरुषांचा, पडद्याकडचा बायकांचा. पुरुषांचं तो टेपने माप घ्यायचा. बायका मापाचा जुना ब्लाऊज आणायच्या. शर्ट म्हटल्यावर त्याने टेप हातात घेतली आणि विचारलं, माणूस कुठाय? चतुरा म्हणाली, माणूस नाही, शर्ट मला शिवायचाय. धोंडीरामने टेप परत गळ्यात घातली. परक्या बाईच्या खांद्याला टेप लावायची त्याने उभ्या जन्मात सोडा, स्वप्नातही कल्पना केली नव्हती. बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, मापाचा ब्लाऊज आणून द्या, करतो काहीतरी.

आणि त्याने खरंच काहीतरी केलं. बाईचं कापड म्हणजे अंगासरशी, हे त्याच्या कात्रीला पाठ. ब्लाऊजच्या मापाने छाती कापली, ब्लाऊजच्या मापाने काख कापली, खाली लांबी वाढवली, बाह्या मनगटापर्यंत नेल्या आणि वर कॉलर बसवली. हा शर्ट ब्लाऊजवरून, पदरावरून घालायचा आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. चतुराने तो कसाबसा अंगात कोंबला आणि दुसऱ्या दिवशी वावरात गेली. पहिला कांदा उपटायला हात लांबवला, आणि पाठ वरपासून खालपर्यंत टरकन उसवली.

टोळी हसली. झिपरू तर मांडीवर हात मारून हसला. ज्या शर्टाला माणूस नाही तो टिकणार कसा, असं काहीसं म्हणाला. चतुराला रडू आलं, पण ते तिने कांद्यावर ढकललं. कांद्याच्या वावरात बाईला ही एक सोय असते. दिवसभर तिने फाटक्या पाठीने काम केलं, आणि संध्याकाळी घरी न जाता सरळ देवळ्याची एसटी धरली.

या वेळी ती भिंतीकडे गेलीच नाही. पडदा बाजूला केला आणि धोंडीरामच्या बायकोपुढे, मंगलाबाईपुढे, तो उसवलेला शर्ट टाकला. मंगलाबाई काज-बटणं करायची, हात शिलाई करायची. कात्री तिच्याकडे नसायची. तिने शर्ट उलटसुलट पाहिला आणि चतुराला म्हणाली, "तुम्ही कांदा कसा काढता ते दाखवा बरं."

चतुरा त्या दुकानात, चिंध्यांच्या ढिगापुढे, वाकून बसली आणि खोटे खोटे कांदे उपटू लागली. मंगलाबाईने टेप घेतली. वाकलेल्या पाठीचं माप घेतलं, लांबवलेल्या हाताचं घेतलं, पदर आत धरून छातीचं घेतलं. धोंडीराम भिंतीकडे तोंड करून मशीन चालवत राहिला, पण कान इकडेच होते. थोड्या वेळाने, मागे न बघताच, काखेत चौकोनी तुकडा टाक म्हणजे हात मोकळा होईल, असं त्याने सांगितलं. नवीन कापड आलं, तेही खाकीच, आणि दोघींनी मिळून शर्ट उभा केला. खांदे चतुराच्या खांद्यांएवढे अरुंद, पाठ ऐसपैस, कमरेखाली दोन्ही बाजूंनी चिरा, म्हणजे बसताना साडी अडकू नये. मानेला ऊन लागू नये म्हणून उंच कॉलर, मनगटाला घट्ट बटण, माती आत शिरू नये म्हणून. आणि खाली डाव्या अंगाला खोल खिसा. खिसा चतुराने मागून घेतला. तिच्या आयुष्यात तिच्या कपड्याला कधी खिसा नव्हता, आणि त्यात काय ठेवायचं ते तिला ठाऊकही नव्हतं.

तो शर्ट घालून ती वावरात आली, आणि या वेळी कोणी हसलं नाही. हसण्याची जागा कुजबुजीने घेतली. कारण रंग. खाकी शर्ट घालणारी माणसं वाघदरला ठाऊक होती ती एकाच ठिकाणची. सकाळ-संध्याकाळ एसटी यायची, तिच्या कंडक्टरचा शर्ट खाकी. माती दिसू नये म्हणून घेतलेल्या कापडाने चतुराच्या कपाळी कंडक्टर आणून ठेवला. झिपरूने तो धागा बरोबर उचलला. परवा संध्याकाळी ही एकटीच एसटीत चढली होती, हे बघणारे होतेच. कंडक्टर बिचारा दोन लेकींचा बाप, नांदगावचा, त्याला याचा गंधही नव्हता.

बातमी सखुबाईपर्यंत जायला एक दुपार पुरली. चतुरा घरी आली तेव्हा म्हातारी ओट्यावर बसून होती. तिने शर्टाकडे बोट केलं.

"हाऊ शर्ट कोना शे?"

कोणाचा आहे हा शर्ट, एवढाच प्रश्न. चतुरा दिवसभर तो वेगवेगळ्या तोंडांतून, पाठीमागून ऐकत होती. सरळ तोंडावर तो पहिल्यांदा आला, आणि जिच्याकडून यायला नको होता तिच्याकडून आला. या एका उत्तरावर तिचं छप्पर टांगलेलं होतं. ती उभी राहिली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा सासूच्या बोलीत बोलली.

"मना शे."

माझा आहे. सखुबाईने विश्वास ठेवला नाही. लेकाचा शर्ट खुंटीवर असताना दुसऱ्याचा अंगात घालायचा असेल तर या घरात राहायचं नाही, असं तिने सांगून टाकलं. चतुरा म्हणाली, आत्याबाई, मी घरही सोडणार नाही आणि शर्टही काढणार नाही. काढायचा तर तुम्ही तुमच्या हाताने काढा. म्हातारीने हात उचलला नाही. पण त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. झिपरूने तिला टोळीतून काढलं. चतुरा पहाटे उठायची, शर्ट घालायची आणि शेजारच्या गावात, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं, तिथे कामाला जायची. परत आली की भाकरी झाकलेली असायची, पण वाढणारी तोंड फिरवून बसलेली असायची. तिला हे सगळं फार लागत होतं. तरी रोज सकाळी ती खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावायची.

अशातच एका संध्याकाळी झिपरू चार-पाच माणसं घेऊन सखुबाईच्या ओट्यावर आला. गल्लीतल्या बायाही जमल्या. तो फार दुःखी चेहऱ्याने म्हणाला की गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, सावळीराम इथे नाही म्हणून काय झालं, परक्या पुरुषाचा शर्ट अंगात घालून सून हिंडते आणि म्हातारी गप्प बसते, हे बरं दिसत नाही. सखुबाईने सगळं ऐकून घेतलं. मग ती चतुराकडे वळली आणि बऱ्याच दिवसांनी तिच्याशी बोलली. शर्ट काढून दे, म्हणाली.

चतुराला वाटलं, आपलं इथलं अन्नपाणी संपलं. पण ती स्वतःच बोलून चुकली होती, काढायचा तर तुमच्या हाताने. तिने हात बाजूला केले. सखुबाईने एकेक बटण सोडलं. सोडताना ती थांबली, कारण बटणं पुरुषी शर्टाच्या उलट्या बाजूला होती. तिने शर्ट हातात धरून खांद्याची रुंदी पाहिली, काखेतला तुकडा चाचपला, खिशात हात घालून पाहिला. मग तो झिपरूच्या पुढ्यात धरला.

"पुरुषना शे ना? घाली दखाड."

पुरुषाचा आहे ना, मग घालून दाखव. झिपरू हसला, नको म्हणाला, पण त्याच्याच माणसांना गंमत वाटली आणि त्यांनी त्याला पुढे केलं. त्याने एक हात घातला. दुसरा घालायला गेला, आणि दोन्ही कोपरं मागे अडकून बसली. ना पुढे येईना, ना मागे जाईना. मुकादम पाय आपटत गोल फिरायला लागला आणि गल्लीतल्या बाया पदरात तोंड घालून वाकल्या. शेवटी चतुराने पुढे होऊन त्याला सोडवलं, तेही हळूच, कारण शर्ट फाटू द्यायचा नव्हता.

"कोणत्या कंडक्टरना खांदा एवढा ऱ्हास?" सखुबाईने विचारलं. एवढासा खांदा कोणत्या कंडक्टरचा असतो. मग उत्तरही तिनेच दिलं. "तिना शे."

तिचा आहे. एवढं बोलून म्हातारी आत गेली आणि भाकरी थापायला बसली. चतुराने शर्ट पुन्हा अंगात घातला. खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली.

त्यानंतर पहिली आली फुलाबाई. तिच्या नवऱ्याने एकदा भर रस्त्यात तिच्या अंगातून शर्ट ओढून काढला होता, त्याला म्हणे कुठे जायचं होतं. ती कापड घेऊनच आली, जांभळं. मग दुसरी आली, तिसरी आली. मंगलाबाईला वेगळी कात्री मिळाली आणि दुकानातला पडदा कायमचा निघाला. बाया चतुराबरोबर शेजारच्या गावाला जायला लागल्या, तेव्हा शेतकरी बोलणी करायला चतुराकडे येऊ लागले. झिपरूने मग टोळीचा नाद सोडला आणि टेम्पो घेतला.

सखुबाईने मात्र बराच काळ घेतला. एका उन्हाळ्यात घरामागच्या बाजरीला कणसं धरली, पाखरं उतरायला लागली. तिने दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधल्या, वर मडकं ठेवलं, आणि घरात जाऊन खुंटीवरचा निळ्या चौकड्यांचा शर्ट काढून आणला. बटणं नीट लावून तो बुजगावण्याच्या अंगात घातला. लोकांनी विचारलं तर म्हणायची, "घर राखस नही, वावर तरी राखो." घर राखत नाही, निदान शेत तरी राखू दे. हंगाम संपला की मात्र ती तो शर्ट काढायची, झटकायची, धुवायची आणि घडी घालून ठेवायची. आईच शेवटी. पुढच्या वर्षी पुन्हा काठीवर. आणि एका बाजाराहून येताना तिने स्वतःसाठीही एक शर्ट आणला, हिरवा, खिशासकट. खिशात मिश्रीची डबी ठेवायची.

दोन हजार सालानंतरचा एक चैत्र. सावळीराम आला. कानशिलं पांढरी झालेली, हातात पिशवी, सुरतेचं दुसरं घर मोडलेलं. आधी घराला कुलूप पाहिलं, मग तो वावराकडे आला आणि बांधावर उभा राहिला. पलीकडच्या वावरात बायांची ओळ कांदा काढत होती. खाकी, जांभळे, हिरवे, फुलाफुलांचे शर्ट. तो त्या ओळीवरून नजर फिरवत राहिला. गावच्या रीतीप्रमाणे तो आपला शर्ट शोधत होता. आणि तो त्याला दिसला, अलीकडे बाजरीत, एकटाच उभा. निळ्या चौकड्या विटल्या होत्या, पण त्याच.

"चतुरे," त्याने हाक मारली. "ए चतुरे, मी आलो."

बुजगावणं कशाला बोलतंय. त्याने पुन्हा हाक मारली, दोन पावलं बाजरीत उतरला, आणि मग त्याला मडकं दिसलं. कांद्याच्या ओळीत पहिल्यांदा फुलाबाईला हसू फुटलं, मग सगळ्यांना. चतुरा उठली. हातातला विळा तसाच, कॉलर उभी, तोंडाला माती. ती बांधापर्यंत आली.

"मी हिकडं हाय," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, पण डोळे तिच्या तोंडावर ठरेनात. ते शर्टावर अडकले. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाने काय विचारावं, तर त्याने विचारलं, "हा शर्ट कोणाचा गं?"

"माझा."

तिला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. रडू येईल असंही वाटलं होतं. तिने फक्त सांगितलं, घर आत्याबाईंचं हाय, त्यांना विचार. माझ्या पंधरा बाया वावरात हायेत, मला जायचंय. आणि ती गेली.

सावळीराम तिथेच उभा राहिला. काहीतरी आपलं म्हणून हातात असावं असं त्याला वाटलं असेल. तो बुजगावण्याकडे वळला आणि शर्टाचं वरचं बटण सोडायला लागला. सखुबाई बांधावर, हिरव्या शर्टात, डोळ्यांवर हात धरून कधीची बघत होती. लेक दिसल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. पण आवाज खणखणीत होता.

"ऱ्हाऊ दे, सावळ्या. वावर राखस तो."